माझा अर्धवट आयुर्वेद आणि आपाचा आवाज

त्या दिवशी सातवीतल्या एका मुलीने फळ्यावर ‘केळं’ हा शब्द ‘केलं’ असा लिहिला आणि मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या वर्गातलं गणित थांबलं.

भिवंडीतल्या एका उर्दू माध्यमाच्या मुलींच्या शाळेत मी एकवीस वर्षं मराठी शिकवतेय. ‘ळ’ आणि ‘ल’ची अदलाबदल मी रोज पाहते आणि रोज हसत सुधारते. पण त्या दिवशी छातीच्या मधोमध कोणीतरी शेगडी पेटवून ठेवली होती. आंबट पाणी घशाशी येत होतं, कपाळ ठणकत होतं, आणि त्या बिचाऱ्या ‘केलं’चा मला असा संताप आला होता, जणू त्या पोरीने माझ्या घरातून डझनभर केळी पळवली होती.

पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “टीचर, आपको गुस्सा आया है के पेट दुखता है?”

मी डोळे वटारले. पण प्रश्न बरोबर होता. मी खुर्चीत बसले, पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि उरलेला तास मुलींना सुवाच्य अक्षरात केळ्याची चित्रं काढायला लावली. अक्षर आणि चित्र यांचा काय संबंध, हे त्यांनीही विचारलं नाही. त्या घाबरल्या होत्या.

घरी आले तेव्हा जिन्यात आपा भेटली. आपा म्हणजे आमच्या समोरच्या घरातली. तिच्या सासरच्यांचे लूम, म्हणजे यंत्रमाग, चार पिढ्यांपासून आमच्या गल्लीमागे खडखडतात, आणि त्यातल्या शेवटच्या आठ लूमांवर आजही तिचा नवरा जातीने उभा असतो. ती माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मी कल्याणहून लग्न होऊन इथे आले तेव्हा तिला अहो-जाहो करत होते. चौथ्या दिवशी तिने सांगितलं, “बाय, अहो म्हणशील तर चहा न्हाय मिळणार.” तेव्हापासून अरे-तुरे. अंगाने भरलेली, चालायला संथ, बोलायला त्याहून संथ, आणि गायला बसली की गल्ली थांबेल असा गळा. त्यांच्या कोकणी मुसलमान लग्नघरांत बायका हळदीला गाणी म्हणतात. शेलारपासून कोनपर्यंतच्या गावांत ओळखीपाळखीत कुठेही लग्न निघालं की पहिलं बोलावणं आपाला.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, “तुझा चेहरा मिरचीवानी झालाय. आज संध्याकाळी माझ्यासंगं शेलारला चल.”

“शेलारला काय आहे?”

“वैद्यीण हाय. पोरगी लहान हाय, पन हात धरला की सगळं सांगते.”

ही वैद्यीण तिथल्याच शेतकरी घरातली. त्यांच्या शेतावर आता गोदामं उभी आहेत. वडिलांनी रस्त्यालगतचा एक तुकडा मात्र लेकीच्या दवाखान्यासाठी राखला. त्यामुळे एका बाजूला कंटेनर मागे घेताना ड्रायव्हर आणि क्लीनरची आरडाओरड, आणि दुसऱ्या बाजूला कडुनिंबावर चढलेली गुळवेल, अडुळशाची झुडपं, या दोन्हींच्या मधोमध तिचा दवाखाना होता. आम्ही बाकावर बसलो. आपा दोन मिनिटांत भिंतीला डोकं टेकून झोपली. तिला हे जमतं. लूमच्या खडखडाटात झोपलेल्या माणसाला कंटेनरचं काय.

वैद्यीण तिशीतली असेल. मी पोटाची तक्रार सांगायला सुरुवात केली, तर तिने पोट सोडून बाकी सगळं विचारलं.

“जेवायला उशीर झाला तर काय होतं?”

“भांडण होतं.”

“कोणाशी?”

“समोर असेल त्याच्याशी.”

“ऊन सोसतं का?”

“उन्हाशीही भांडण होतं.”

“स्वप्नं कसली पडतात?”

हे मला आजवर कोणत्या डॉक्टरने विचारलं नव्हतं. मी खरं ते सांगितलं. “परवा शाळेला आग लागली होती. मी मैदानात हजेरीपट हातात घेऊन मुलींची हजेरी घेत होते, आणि जी मुलगी ‘हाजिर’ म्हणत नव्हती तिला रागावत होते.”

ती हसली. मग माझा हात हातात घेतला, तीन बोटं मनगटावर ठेवली आणि नाडी पाहत राहिली. एवढा वेळ माझा हात शांतपणे कोणी धरल्याचं मला आठवत नव्हतं. मला वाटलं, नुसतं एवढंच रोज केलं तरी अर्धं दुखणं जाईल.

“सकाळी काय खाता?”

“चहा.”

“आणि?”

“अजून चहा.” शाळा सकाळची. सहा वाजल्यापासून दीडपर्यंत चार कप चहा, मग घरी येऊन भात, त्यावर जवळ्याची झणझणीत चटणी आणि कैरीचं लोणचं. मी सांगत गेले आणि माझं मलाच ऐकून छातीत जळायला लागलं.

“मॅडम, तुमची प्रकृती पित्ताची,” ती म्हणाली. “आणि त्यात तुम्ही पित्तच ओतताय. तिखट, आंबट, ऊन, राग, उपाशी पोट. ज्या गोष्टीचा जो गुण, तो खाल्ला की तोच वाढतो. उलट गुणाचं खाल्लं की उतरतो. आगीवर तेल ओतलं की काय होणार?”

मग तिने समजावलं. शरीरात जे काही हलतं, श्वास, रक्त, हात, पाय, पोटातली गुडगुड, डोक्यातले विचार, ते सगळं वाताच्या अंगावर. जे शिजतं, पचतं, तापतं, ते पित्ताच्या. जे धरून ठेवतं, ओलावा देतं, सांध्यांना वंगण देतं, ते कफाच्या. हे तिन्ही दोष प्रत्येकात असतात, फक्त प्रत्येकाचं माप जन्मापासून वेगळं.

माझ्यातली भाषाशिक्षिका जागी झाली. “एवढं सगळं काम करतात, मग त्यांना दोष का म्हणायचं?”

“कारण बिघडले की हेच बिघडवतात,” ती म्हणाली. “जागेवर आहेत तोवर यांच्यावरच शरीर उभं हाय.” चिडली किंवा रंगात आली की तिचं ‘आहे’ गावातलं ‘हाय’ होतं, हे माझ्या लक्षात आलं. “तुमचं पित्त मी काढून टाकणार नाही. ते गेलं तर तुम्ही शिकवणार कशाच्या जोरावर? त्याला फक्त ताळ्यावर आणायचं. तुमचा अग्नी, म्हणजे पचवणारी आग, तीक्ष्ण आहे. वेळेवर अन्न दिलं नाही तर ती तुम्हालाच भाजते.”

तिने कागदावर लिहून दिलं. उठल्यावर काही खाल्ल्याशिवाय चहा नाही, आणि चहा एकच. लोणचं, चिंच, शिळं बंद. रात्री भिजवलेल्या धण्यांचं पाणी सकाळी. दुधात गुलकंद. भातावर तूप. आठच्या आत रात्रीचं जेवण. आणि सगळ्यात खाली, अधोरेखित करून: ओरडण्याआधी एक घोट पाणी.

तेवढ्यात आपा जागी झाली आणि तिने स्वतःहून हात पुढे केला. “माझी पन बघ.”

वैद्यिणीने नाडी पाहिली. “खाला, तुमची कफाची.”

“कफ? मना सर्दीबिर्दी काय न्हाय.”

“कफ म्हणजे नुसती सर्दी नव्हे. तुमचा हा शांतपणा, हे दाट केस, ही झोप, आणि लोक सांगतात तो तुमचा आवाज, हे सगळं त्याचंच देणं. फक्त साचू द्यायचा नाही. चालत जा रोज थोडं.”

आपाला पुढचं वाक्य ऐकूच आलं नाही. रिक्षात ती मला तीनदा म्हणाली, “बघ, माझा आवाज कफाचा हाय.” जणू एखाद्या घराण्याचं नाव सांगावं तसं.

निघताना वैद्यीण मला दारापर्यंत सोडायला आली होती. “हे तुमच्यासाठी लिहिलंय, मॅडम. दुसऱ्या कोणाला देऊ नका.”

मी मान हलवली. शिक्षकांना मान हलवायची सवय असते.

पंधरा दिवसांत छातीतली शेगडी विझली. कपाळ हलकं झालं. एका मुलीने ‘शाळा’ला ‘शाला’ लिहिलं तेव्हा मी एक घोट पाणी प्यायले, ‘ल’च्या जागी ‘ळ’ काढला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. वर्गात असा सन्नाटा पसरला की मला कळलं, मुलींना मी ओरडण्यापेक्षा हे जास्त भयानक वाटलं.

आणि इथेच माझं बिनसलं. माझं पोट बरं झालं आणि डोक्यात वैद्यक शिरलं.

शिक्षकांच्या खोलीत मी सगळ्यांची प्रकृती ठरवून टाकली. मुख्याध्यापिका कफ, कारण त्यांना निर्णयाला आठवडा लागतो. पीटीच्या बाई वात, कारण त्या खुर्चीवर कधी नीट बसत नाहीत. कारकून पित्त, हे तर दाराबाहेरूनही ऐकू येई. डबे उघडले की मी डोकावायचे. “तुम्ही आणि दही? या हवेत?” असं म्हणून मी एकदा विज्ञानाच्या बाईंच्या हातातला चमचा थांबवला. दुसऱ्या दिवसापासून त्या डबा प्रयोगशाळेत खाऊ लागल्या.

घरात सापडला नवरा. तो कोनच्या पुढे एका गोदामात सुपरवायझर आहे. आठवड्याला शिफ्ट बदलते, जेवणाची वेळ गाडी कधी लागते त्यावर ठरते. अंगाने काटकुळा, जिना चढताना गुडघे कटकट वाजतात, आणि एका वाक्यातून दुसऱ्यात उडी मारताना मधलं वाक्य खाली पडतं. मी जाहीर केलं, “तुमचा वात वाढलाय.”

“माझं वय वाढलंय,” तो म्हणाला.

मी ऐकलं नाही. त्याला ड्युटीला जाण्याआधी तिळाच्या कोमट तेलाने चोळायला सुरुवात केली. अभ्यंग करायचा, मग गरम पाण्याने आंघोळ, एवढं मला वाचून ठाऊक झालं होतं. पण नळाचं पाणी गेलेलं असलं तरी मी मागे हटले नाही. एके दिवशी तो तसाच तेलकट स्कूटरवर बसला. हेल्मेट कपाळावरून घसरून डोळ्यांवर आलं आणि तो चौकात थांबलेल्या टेम्पोला अलगद जाऊन टेकला. लागलं कोणालाच नाही. टेम्पोवाला उतरला, याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “भाई, तू फ्राय होके आया है क्या?”

त्या दिवसापासून नवऱ्याने कपाटात फरसाण लपवायला सुरुवात केली. शेव, गाठी, चुरमुरे, सगळं कोरडं, खडखडीत, वात वाढवणारं. मला वाटतं तो मुद्दाम निवडून आणत होता.

अशा दिवसांत आपाने मला सांगितलं की तिच्या भाचीचं लग्न ठरलंय. रमजान लागायच्या आत उरकायचं होतं, म्हणजे हातात तीन आठवडे. थंडी अजून पुरती गेली नव्हती. हळदीची गाणी अर्थातच आपाकडे. पण ती थोडी मलूल दिसत होती.

“जेवल्यावर इथं जड होतं,” तिने छातीवर हात ठेवला. “तोंडाला चव न्हाय. कायतरी चिकटल्यावानी वाटतं.”

छाती! माझे कान टवकारले. छातीचा मला अनुभव होता. “अगं, हे माझंच दुखणं,” मी म्हणाले आणि घरात जाऊन वैद्यिणीचा कागद घेऊन आले.

मी तिला दोन वेळा थंड दुधात गुलकंद दिला. सकाळी धण्यांचं पाणी. भातावर सढळ तूप. आणि माझ्या पदरचं म्हणून चार वाजता एक केळं आणि दुपारी दोन तास विश्रांती. आपा खूश झाली. “असं औषध मना आजवर कोनी दिलंच न्हाय,” ती म्हणायची, आणि ओठांवरची साय पुसायची. तिचा नवरा कारखान्यातून जेवायला आला की मला हात जोडायचा, कारण बायको भलतीच गोड बोलायला लागली होती.

दहा दिवस हे चाललं. हळदीला सहा दिवस उरले असताना तिच्या घरी गाण्यांची पहिली बैठक झाली. दहा-बारा बायका, एक ढोलकी, मधोमध आपा. पाठांतर नसलेल्या मुलींसाठी मी गाणी देवनागरीत लिहून द्यायचं काम घेतलं होतं, म्हणून मीही वही घेऊन बसले. आपाने डोळे मिटले, हात कानाशी नेला आणि पहिला सूर लावला.

लूमचा पट्टा घसरला की जसा आवाज येतो, तसा आवाज आला. मग तोही बंद पडला.

ढोलकी थांबली. आपाने घसा खाकरला, पुन्हा प्रयत्न केला. या वेळी नुसती हवा आली. तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात वही होती आणि तिच्या शेजारी अर्धा प्यालेला गुलकंद दुधाचा पेला.

“नजर लागली,” एक म्हातारी म्हणाली.

नजर लागलेली नव्हती. मला मनातून कळलं होतं काय लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेलारला. आपाच्या घशातून कुजबुज तेवढी निघत होती. वैद्यिणीने जीभ पाहिली, तिच्यावर पांढरा जाड थर होता. नाडी पाहिली. मग विचारलं, “खाला, काय काय खाल्लंत दहा दिवसांत?”

आपाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कुजबुजली, “असंच. माझ्या मनानं.”

तिने मला वाचवलं. हे मला सहन झालं नाही. “डॉक्टर, मी दिलं,” मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. केळ्यासकट. दुपारच्या झोपेसकट. नवऱ्याचं तेलही सांगून टाकलं, ते कोणी विचारलं नव्हतं तरी.

 वैद्यिणीने टेबलावरच्या तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि स्वतः एक घोट घेतला. मी ओळखलं. तो ओरडण्याआधीचा घोट होता.

“मॅडम, तुमच्या छातीत जळत होतं. यांच्या छातीत जड होतं. एवढा फरक हाय!” ती म्हणाली. “तुमची चूल भडकलेली होती, तिला गार करायचं होतं. यांच्या चुलीत ओली लाकडं धुमसतायत. तिच्यावर तुम्ही दूध ओतलंत. वर झाकण घालून झोपवलंत.”

“मग आता?”

“आता ती चूल पेटवायची. पाच दिवस आहेत ना?”

पाच दिवस आपाला दूध, दही, केळं, गोड, गार, सगळं बंद. भूक लागेपर्यंत खायचंच नाही, लागली की मिऱ्याची पूड घातलेलं मुगाचं पातळ कढण. सुंठ घालून उकळलेलं गरम पाणी दिवसभर घोट घोट. एक तिखट चूर्ण मधातून चाटायचं, आणि मध तापवायचा नाही. हळद-मिठाच्या गुळण्या. दुपारी झोप नाही. रोज सकाळी घाम येईपर्यंत चालणं. आणि पाच दिवस अजिबात बोलायचं नाही.

आपाचे डोळे कढणाशी पाणावले होते, ‘चालणं’ म्हटल्यावर वाहिलेच.

“आणि मॅडम, तुम्ही यांच्यासोबत चालायचं,” वैद्यीण म्हणाली. “पुढे पळायचं नाही. तुमचं औषध ते.”

मी शाळेतून चार दिवसांची रजा टाकली. कारण म्हणून ‘शेजारधर्म’ लिहिलं. मुख्याध्यापिकांनी चक्क दोन मिनिटांत मंजूर केली. मी तेवढे दिवस डब्यांपासून लांब राहणार, याचा त्यांना आनंद झाला असावा.

पहिल्या सकाळी आपा बुरख्यावर लेकाचे बूट घालून खाली आली. आम्ही निघालो. मी चार पावलं पुढे जायचे, मग आठवण व्हायची, मागे यायचे, पुन्हा पुढे. रात्रपाळी संपवून निघालेले कारागीर रस्त्यात भेटत होते. सगळे आपाला ओळखतात. “सलाम, अम्मा! कैसी हैं?” बोलायला बंदी म्हणून आपा प्रत्येकाला नुसता हात कपाळाशी नेऊन सलाम करायची आणि मग गळ्याकडे बोट, मग माझ्याकडे बोट. चहाच्या टपरीपर्यंत पोहोचेतो सगळ्यांना समजलं होतं की टीचरने अम्माचा गळा बंद केला.

दुपारी तिला जागं ठेवणं हे तर माझं खरं काम. लग्नाचे तांदूळ निवडायला घेतले. ती निवडता निवडता डुलायची, मी ताट वाजवायचे. तिने बोलता येत नाही म्हणून थोरल्या, लग्न झालेल्या भाचीच्या मुलाची पाटी घेतली होती. ती बोलते ती त्यांची कोकणी मराठी, पण लिहिते उर्दू अक्षरांत. एकवीस वर्षं उर्दू शाळेत काढूनही मला ती अक्षरं अडखळत वाचता येतात. पहिल्या दिवशी तिने एकच शब्द लिहिला. मी उजवीकडून डावीकडे बोट फिरवत वाचला. “भूक.” थोड्या वेळाने दुसरा. “लय.” मग बराच वेळ खपून एक लांबलचक लिहिलं. मी वाचत गेले: “कोंबडीचा रस्सा, वर तांदळाची रोटी, बाजूला...” मी पाटी पुसली. तिने ती माझ्या हातातून ओढून घेतली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, “जालिम.”

तिसऱ्या दिवशी ती कढण मागून प्यायली. भूक खरी लागली होती. “चव आली,” पाटीवर लिहून दाखवलं, आणि मला इतका आनंद झाला की मी तिथेच रडले. तिने पाटी फिरवली. “घडीत हसते, घडीत रडते. आता बाय, तू पन वात झालीस.”

चौथ्या दिवशी ती माझ्या पुढे चालत होती.

हळद लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, आमच्या इमारतीच्या गच्चीवर. वर पिवळी कनात, खाली सतरंज्या, भाची पाटावर, आणि मागे लूमांचा खडखडाट, कारण दुसऱ्या मालकांनी थोडीच लूम बंद ठेवले होते. आपा हिरव्या शालूत मधोमध बसली. पाच दिवसांत तिने एक शब्दही उच्चारला नव्हता. आवाज आहे की नाही, हे तिलाही ठाऊक नव्हतं. वैद्यिणीलाही बोलावणं होतं. ती माझ्या शेजारी बसली आणि तिने माझा हात धरला. या वेळी नाडीसाठी नाही, ती स्वतःच घाबरली होती.

आपाने सूर लावला. पहिली ओळ अर्ध्यावर फाटली.  ढोलकीवाली माझ्याकडे बघायला लागली, कारण शब्द माझ्या वहीत होते.

मी उभी राहिले. का, ते मला अजून कळलेलं नाही. कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं आणि माझ्याकडे वर्ग गाजवणारा आवाज होता. त्या आवाजात मी पुढची ओळ म्हटली. म्हटली म्हणजे वाचली. कविता पाठ करून घेतात तशी, प्रत्येक शब्दावर जोर देऊन, शेवटच्या ‘ळ’चा स्पष्ट उच्चार करून. सुराचा पत्ता नव्हता.

 मग शाळेतल्या माझ्याच तीन जुन्या विद्यार्थिनी, ज्या आता लेकुरवाळ्या होऊन मागे बसल्या होत्या, एका सुरात म्हणाल्या, “जी, टीचर!”

गच्ची हसण्यात बुडाली. आपा तर इतकी हसली की तिला खोकला आला, खोकला आला तो थांबेना, कोणी पाठीवर थापटलं, कोणी गरम पाणी दिलं. ती ते प्यायली, तिने घसा साफ केला आणि हसत हसतच तोंड उघडलं.

आवाज आला. तिचा नेहमीचा गोड, उंच आवाज नव्हे. खालच्या पट्टीतला, जाडसर, किंचित खरबरीत, गावठी तुपासारखा रवाळ. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. ढोलकीने ताल पकडला. आणि वहीत नसलेलं गाणं आपाने जागच्या जागी रचलं:

“शाळेची बाय आली, वैदीन झाली,
दुधात गुलकंद, माझी वाचा गेली!”

“गेली गं गेली!” बायकांनी उचललं.

“नवऱ्या मुला, बायकोला तिच्याकडं न्हेऊ नको,
न्हेलीस तर न्हेलीस, तिचं औषध घेऊ नको!”

पुढची दहा कडवी माझ्यावर झाली. माझ्या चालण्यावर, माझ्या चार कप चहावर, एक तर नवऱ्याच्या हेल्मेटवरही, जे तिला मीच विश्वासाने सांगितलं होतं. मी पदराआड तोंड लपवून हसत होते. वैद्यीण टाळ्या वाजवत होती आणि तिच्या मांडीवर तळलेल्या समोशांची ताटली होती.

“डॉक्टर, हे चालतं?” मी विचारलं.

“एवढं नाचल्यावर दगड पचेल,” ती म्हणाली आणि खरोखर उठून नाचायला गेली.

लग्न छान झालं. नंतर मी शिक्षकांच्या खोलीत माफी मागितली आणि विज्ञानाच्या बाई दह्यासकट परत आल्या. नवरा मला न सांगता एकटा शेलारला जाऊन आला. वैद्यिणीने त्याला एकच गोष्ट सांगितली, शिफ्ट कोणतीही असो, जेवणाची वेळ एकच ठेवा. आता तो डबा घेऊन जातो आणि गुडघे कमी वाजतात, असं तो म्हणतो. मी त्याचे गुडघे तपासत नाही. ते माझं काम नाही.

महिन्याभराने आपाचा आवाज पूर्ववत झाला. नितळ, उंच, आधीसारखा. मला वाटलं ती आनंदात असेल. पण ती माझ्याकडे तोंड पाडून आली.

“अंबाडीहून बोलावणं हाय. ईदनंतरचं लग्न. त्यांना तो हळदीचा आवाज पायजे. जाडा वाला.”

“मग?”

“मग काय, थोडं बिघडवून दे ना. तुला जमतं.”

मी ठामपणे नाही म्हटलं. म्हणून ती मला ओढत वैद्यिणीकडे घेऊन गेली आणि तिच्यासमोर हात पुढे करून बसली. “दोन पेले दूध पियू का? फकस्त दोन.”

वैद्यिणीने तिची नाडी पाहिली, बराच वेळ पाहिली, मग हात खाली ठेवला आणि आम्हा दोघींनाही दवाखान्याच्या बाहेर काढलं. अडुळशाच्या झुडपाशी उभं राहून आपा माझ्याकडे बघत होती, आणि आतून वैद्यिणीच्या हसण्याचा आवाज येत होता.